एकतीसचा आकडा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक खुर्च्यांवर चढून पाहत होते. मंचावर एक उघडा संगणक चालू होता आणि त्याच्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान लाल अक्षरांत दिसत होतं: ८८.

"तापानं फणफणलंय लेकरू!" पांढऱ्या कोटातला माणूस कळवळून म्हणाला. त्याला सगळे गारवागुरू म्हणत. "घरात कुणाला ताप आला तर आपण काय करतो? पांघरूण घालतो ना? मी याला कवच घालतो!"

तापलेल्या यंत्राला पांघरूण! मी हसले, तर ताईने कोपर मारलं. तिचे साहेब पहिल्याच रांगेत बसले होते.

चहाच्या सुट्टीत संगणकाचे भाग एका काळ्या कॅबिनेटमध्ये गेले. समोर अखंड काच, काचेवर निळे आकडे. बटण दाबलं आणि आकडा उमटला: ३१.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरूने पत्र्यावर बोटं वाजवली. टण्ण! "घंटा आहे घंटा! आणि उचलून बघा. जड ते टिकाऊ!" एकाने उचललं आणि "आई गं!" म्हणत खाली ठेवलं. लाल आकडा दाखवणारा पडदा केव्हाच बंद केला होता. तो कुणी पुन्हा मागितलाही नाही. साहेबांनी जागच्या जागी आठ कॅबिनेट घेतली. गुरूच्या जाहिरातीच्या पत्रकावर त्यांचा हसरा फोटोही छापून आला.

ताई त्यांच्या कार्यालयात इमारतींचे नकाशे करते. तिथे नवी शिस्त सुरू झाली. रोज सकाळी दहाला सगळ्यांत जुने नकाशेकार, ज्यांना सगळे काका म्हणतात, आठही काचांवरचे आकडे वहीत लिहायचे. एकतीस, एकतीस, तीस.

तिसऱ्या आठवड्यात ताईचं यंत्र मधेच बंद पडायला लागलं. एका मोठ्या इमारतीचं छायाप्रकाशासह चित्र तिला काढायचं होतं. ते तयार व्हायला यंत्र सहा तास चालावं लागतं. पाचव्या तासाला पडदा काळा. चार वेळा तसंच झालं.

"वहीत एकतीस लिहिलंय," साहेब म्हणाले. "यंत्र थंड आहे. मग चूक तुमचीच. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चित्र द्या, नाहीतर सोमवारी येऊ नका."

शुक्रवारी दुपारी मी एक पेचकस आणि टिश्यूपेपरची पट्टी घेऊन तिथे गेले, तेव्हा ताईच्या यंत्रावर तेच चित्र पाचव्यांदा चालू होतं.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"धाकटी बहीण. पदार्थविज्ञान शिकलीय," ताई म्हणाली.

"म्हणजे आता कॅबिनेटची परीक्षा घेणार?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही घेतली असतीत तर मला यावं लागलं नसतं."

पंखे आत हवा ओढत असतील तर कागद फटीला चिकटायला हवा. मी पट्टी धरली. ती नुसती लोंबत राहिली. काचेच्या कडेला नखाएवढी फट होती. आत तीन पंखे जीव तोडून फिरत होते, पण त्यांना ओढायला हवाच नव्हती. ताईने पडद्यावर प्रोसेसरचं खरं तापमान उघडलं. ९७. काचेवर मात्र एकतीस.

मी यंत्र बंद केलं आणि भिंतीतला प्लगही काढला. काचेवर अजून एकतीसच.

"जिवंतपणी एकतीस, मेल्यावरही एकतीस! हा कसला वैद्य?" काका पुटपुटले.

मी काच काढली. आकड्यांमागे एक बटणासारखी बॅटरी होती. तिच्यापासून निघालेली बारीक तार प्रोसेसरकडे जातच नव्हती. टोकाचा, तापमान मोजणारा मण्याएवढा संवेदक समोरच्या कडेखाली, बाहेरच्या बाजूला चिकटवलेला होता. तो मी मुठीत धरला. बत्तीस. चौतीस. पस्तीस.

"माझ्या मुठीत प्रोसेसर आहे का, साहेब? हा खोलीचा उकाडा मोजत होता. तीन आठवडे काकांनी या वहीत हवामान लिहिलंय."

तळाचा पत्रा उघडला, तर तिथे फरशीचा तुकडा चिकटवलेला. 'जड ते टिकाऊ' ते हेच! आणि पत्रा इतका पातळ होता की रिकाम्या डब्यासारखा वाजणारच.

काच न लावता, बाजूचा पत्राही काढून ताईने प्लग लावला आणि तेच काम पुन्हा सुरू केलं. आकडा बहात्तरवर टिकला. सगळे साहेबांकडे पाहत होते.

त्यांनी घसा साफ केला. "सगळ्यांच्या काचा काढा. पण बाहेर बोलू नका, पत्रकावर माझा फोटो आहे. आणि तुम्ही..." ताईकडे त्यांनी पाहिलं नाही. "ग्राहकाला मी सकाळीच कळवलंय, की चूक कर्मचाऱ्याची होती आणि तिला काढलंय. आता शब्द कसा फिरवू?"

 ताईने वही ओढून घेतली, त्या दिवसाच्या रकान्यातला आपल्या यंत्राचा एकतीस खोडला, ९७ लिहिलं आणि खाली सही केली. पेन काकांच्या हातात देऊन ती निघाली.

गुरू आजही सभागृहं भरवतो. तुम्ही गेलात तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: हा आकडा नेमका कुठे मोजलाय? उत्तर मिळालं नाही, तर झाकण उघडा. आणि एखाद्याला दोषी ठरवायचं असेल, तर ते आधी उघडा.