नैऋत्येची धावपट्टी

रिसोडच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी आठला अंगणात उभा राहतो आणि वारा कुठून येतो ते वहीत लिहितो. कशासाठी, ते मला नीट सांगता येत नाही. सात वर्षांत या वह्यांचा कोणाला उपयोग झाला नव्हता. मागच्या माघात माझी मुलगी निकिता पुण्याहून आली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या वह्या पायजेत मले."

निकिता छत्तीस वर्षांची. रेडिओवर चालणारी छोटी विमानं करायचा तिला नाद आहे. हे विमान तिने हलक्या बाल्सा लाकडाचं, पंखांवर पातळ कागद ताणून, आठ महिने खपून केलं होतं. ते अजून उडालं नव्हतं. आमच्या शेताचा वरचा तुकडा सोयाबीन निघाल्यापासून रिकामा होता. तिथे तिला धावपट्टी करायची होती, साठ मीटर लांब, आठ मीटर रुंद, मुरूम टाकून दाबलेली. विमान वाऱ्याला तोंड देऊन चढतं आणि उतरतं. वारा आडवा आला तर कलंडतं. म्हणून या दिवसांत वारा जास्त कुठून असतो, एवढंच मी वह्यांतून काढून द्यायचं होतं.

दोन दुपारी बसून मी मोजलं. पश्चिम. शंकेला जागा नव्हती, आणि मला तर शंका घ्यायची सवय आहे.

पण पश्चिमेची रेघ मारली तर ती रुख्मिणीला जाळलं तिथून जात होती.

रुख्मिणी माझी बायको. चार वर्षांपूर्वी श्रावणात गेली. नाल्याला पूर होता, स्मशानाची वाट बंद होती, म्हणून शेतातच दहन केलं. निकिता पोचली तोवर राख सावडून झाली होती आणि उरलेलं पावसाने नेलं होतं. तिने जागा विचारली नाही. मी दाखवली नाही. पुढच्या वर्षी तिथून ट्रॅक्टर फिरला, सोयाबीन आलं, सगळीकडे आलं तसंच. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता मुरूम पडणार, वरून रोलर फिरणार, तिथे पुन्हा काही उगवणार नाही, एवढं मनात आलं. त्याला दुःख म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही.

मी निकिताला नैऋत्य सांगितलं.

तिने वही उघडूनही पाहिली नाही. तुम्ही मोजलं म्हणजे झालं, म्हणाली.

शेजारच्या देवमनने ट्रॅक्टरने मुरूम आणून टाकला. प्रत्येक खेपेला त्याची टिंगल चालूच होती. "काका, शिरपूरची एसटी खड्ड्यात आदळून राह्यली, अन् तुमी इमानाले रोड करून राह्यले." निकिता हसायची. मी हसल्यासारखं करायचो. चार दिवसांत पाणी मारून, रोलर फिरवून तांबडी पट्टी तयार झाली. मी तिच्यावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो.

रविवारी निकिताचे दोन मित्र अकोल्याहून आले. दहानंतर पश्चिमेचा वारा सुटला. विमान जरा तिरकं होत चढलं आणि तीन घिरट्या घालून उतरायला लागलं. जमिनीपासून हातभर वर असताना त्याचा उजवा पंख उचलला गेला, डावा मुरमात घुसला. दोन कोलांट्या झाल्या. डावा पंख मुळातून निघाला.

एक मित्र म्हणाला, पट्टीची दिशाच चुकली वाटते.

"नाही," निकिता म्हणाली. "बाबाची सात वर्षांची नोंद हाय."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ते दोघे गेल्यावर बोललो.

"वहीत पश्चिम आहे, बेटा."

ती मोडका पंख मांडीवर घेऊन बांधावर बसली होती. "मंग काहून?"

"तिथं तुझ्या आईले जाळलं."

बराच वेळ ती पंखाचा फाटलेला कागद बोटाने सरळ करत राहिली. मग उठली. "कुठं? दाखवा."

मी पुढे चाललो. बांधापासून तीस पावलं, की चाळीस. तेव्हा तिथे तुरीची ओळ होती, आता नव्हती. मी थांबलो, सरकलो, पुन्हा थांबलो. देवमनने त्या दिवशी लाकडं वाहिली होती, म्हणून त्याला बोलावलं.

"तुमी लय वर आले, काका," तो म्हणाला. तो खाली जाऊन उभा राहिला, मग डोकं खाजवत आणखी खाली गेला. "इथं. का तिथं? पाणीच पाणी होतं न त्या दिवशी."

आमच्या दोघांच्या मध्ये वीस पावलांची जमीन होती. निकिता त्या जमिनीकडे पाहत होती.

"मले एकदा सांगाले पायजे होतं, बाबा," ती म्हणाली. "मी पट्टीच काढली नसती."

मी म्हटलं, "पश्चिमेले काढ."

"नक्की?"

मला आयुष्यात कुठलीच गोष्ट नक्की वाटलेली नाही. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी देवमनने जुन्या पट्टीचा मुरूम खरवडून ट्रॉलीत भरला आणि पहिली खेप कुठे टाकू म्हणून विचारलं. निकिताने माझ्याकडे पाहिलं. मी त्या वीस पावलांच्या जमिनीकडे हात करून दाखवलं. ट्रॉली उलटली, धूळ उठली, वाऱ्याने आमच्या अंगावर आली. मी उभा राहिलो, आता तरी काही वाटेल म्हणून. निकिता फावड्याने मुरूम पसरायला लागली होती. थोड्या वेळाने मीही दुसरं फावडं घेतलं.