दुसरा मार

विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या नीलमला वडगावात सगळे गणिताची डॉक्टरीण म्हणत आणि लगेच हसत. इंजेक्शन देता येत नाही, ताप उतरवता येत नाही, ही कसली डॉक्टरीण? त्यात तिचा विषय ऐकला की लोक आणखीच चक्रावत. जबर मार लागल्यावर अंगात जी सूज उठते ती कशी चढते, कशी उतरते, हे ती समीकरणांत मांडत होती. "सुजंला गणित कशाला? हळदीचा लेप लाव की," असं शेजारच्या जयाबाई तोंडावर म्हणाल्या होत्या. नीलमला राग येत नसे. तिला त्या सुजेचं खरंच वेड लागलं होतं.

मग तवंदी घाटात तिच्या धाकट्या भावाला, मंथनला, टेम्पोने उडवलं. निपाणीच्या व्यापाऱ्याला साड्या पोचवून तो मोटारसायकलवरून परत येत होता. मांडीचं हाड मोडलं. बेळगावच्या एका दवाखान्यात त्याचा पाय वजन लावून ताणून ठेवला होता. अंगातली सूज जरा उतरू दे, मग हाडात सळी घालू, असं डॉक्टर दिपालींनी सांगितलं. सूज भरात असताना ऑपरेशन करणं म्हणजे मारावर मार.

नीलमचे वडील, यमनाप्पा, उभा जन्म मागावर काढलेला माणूस. त्यांना हे काही पटेना. "आपलीच सूज आपल्याला कशी मारंल गं?"

"आप्पा, मंथन पडला तवा गर्दी जमली न्हवं?" नीलम म्हणाली. "पहिल्यांदा आले त्यांनी उचललं, पाणी पाजलं. मग आणखी आले, आणखी आले. रस्ता तुंबला, अ‍ॅम्ब्युलन्स अडकली. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. रक्तातल्या पेशींचं बी तसंच. येतात त्या मदतीलाच. वेळेवर पांगल्या न्हाईत तर ती गर्दीच माणसाला बाधते. किती आल्या, किती पांगल्या, एवढंच माझं गणित."

"लई मजेशीर हाय की!" आप्पा म्हणाले, आणि आपण दवाखान्यात बसलोय हे घटकाभर विसरले.

डॉक्टर दिपालींनाही गंमत वाटली असावी. मंथनच्या रक्तात सूज किती, हा रोजचा आकडा त्या नीलमला सांगू लागल्या. ती तो लॅपटॉपवर टाके. रेघ चढली, टेकली आणि तिच्या समीकरणांनी सांगितलं तशी उतरायला लागली. नीलमला आनंद झाला. भाऊ कण्हतोय आणि आपण रेघ बघून खूश होतोय, याची लाजही वाटली.

एका सकाळी मात्र आकडा एकदम उसळला.

"जंतू शिरले असणार," डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. "उद्याही वाढला तर सळी विसरा. मग पायाचं काय होईल, ते मला आत्ता सांगता येणार नाही."

नीलम बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसली. तिने समीकरणांत जंतू घालून पाहिले. रेघ हळूहळू चढे, अशी ताडकन उठत नसे. जंतू वाढवले, कमी केले, तरी जमेना. मग, बघू तरी काय होतं, म्हणून तिने दुसरा मार घालून पाहिला. पहिल्यासारखाच, जबर. तो दुसऱ्या कुठल्याही वेळेला ठेवला तरी रेघ चुके, फक्त काल दुपारी, भेटायच्या वेळेला ठेवला की आकड्यांवरून बरोबर जाई. रेघ बसली म्हणजे ते खरंच असतं असं नाही, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना बजावत असे. तरी ती उठून मंथनकडे गेली. खाटेवर झोपलेल्या माणसाला मार लागेलच कसा?

"काल दुपारी काय झालं रं?" तिने मंथनला विचारलं.

"काय न्हाय, आक्का," म्हणत त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. लहानपणापासून तो भिंतीकडे तोंड फिरवायचा ते दुसऱ्याची चूक झाकताना. काल दुपारी नीलम विद्यापीठात होती. मंथनजवळ आप्पा होते.

आप्पा बाहेर डबा मांडीवर घेऊन बसले होते. नीलमने त्यांच्यापुढे लॅपटॉप धरला. "ह्यो घाटातला मार. आणि ह्यो दुसरा. काल दुपारचा."

आप्पांनी रेघेवर बोट ठेवलं. "तुझ्या गणितात कुणी मारलं ते बी दिसतंय व्हय?"

"न्हाय आप्पा. कवा, एवढंच दिसतंय."

आता गप्प बसले असते तरी त्यांना कुणी काही विचारलं नसतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सदलग्याच्या हाडवैद्य भरमूला आणलतो मी. माझा हात त्यानंच बसवलता. म्हटलं, सळीवाचून बसलं तर पोराच्या हाडाला भोक तरी पडायचं न्हाय. पडदा ओढला, वजन काढलं, त्यानं पाय ओढला. पोरगं टॉवेल चावून गप ऱ्हायलं."

नीलमला असा संताप आला की तिला ओरडावंसं वाटलं. पण तिने लॅपटॉप मिटला. "चला, डॉक्टरांना सांगा," ती एवढंच म्हणाली.

"तू सांग की."

"माझ्या रेघेवर त्या इश्वास ठेवायच्या न्हाईत. तुम्हीच सांगा."

आप्पांनी सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना असं फैलावर घेतलं की नर्सबायकाही डोकावून गेल्या. एक्स-रे काढला. मोडलेली टोकं सरकली होती, आत रक्त साकळलं होतं. तपासण्यांत जंतू कुठेच सापडले नाहीत. पाय पुन्हा ताणून बांधला. ऑपरेशन लांबलं, पण टळलं नाही. "आता कुणी हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पाय वाचेल."

आकडा उतरू लागला, रेघेच्या मागोमाग. भेटायची वेळ झाली तरी आप्पा मात्र बाहेरच बसून राहत.

"आत चला की," एकदा नीलम म्हणाली.

"नगं. मी बी त्या गर्दीतलाच न्हवं?"

नीलम त्यांच्या शेजारी बसली. "गर्दीतल्या काही पेशी जात न्हाईत, आप्पा. त्याच मग जखम भरायला लागतात."

आप्पांनी मान वर केली. "त्याच? मोडतोड केल्याल्या?"

"त्याच."

"आन् हे बी तू गणितात घातलंयस?"

"अजून न्हाय."

"मग घाल की," आप्पा म्हणाले, आणि उठले. त्यांनी डबा तिच्याकडे दिला, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले, आणि पोराला भेटायला आत गेले.