देवलिपी आणि एक खुंटी

राजाजीनगरच्या त्या मठात गुरुवारी चप्पल काढायला जागा नसे. आत झेंडूच्या माळांखाली एक काळं यंत्र खडखडायचं आणि माणसाचा हात न लागता कागदावर इंग्रजी अक्षरं उमटायची: क्यू, झेड, एक्स, पुन्हा झेड. कुणालाच काही कळत नसे, म्हणूनच ती देवलिपी. अर्थ लागायचा एकट्या नादानंद स्वामींना. देवही मोठा सोयीचा. स्वामींच्या मनात असेल तेच बोलायचा.

त्या गुरुवारी माझ्या शेजारची यल्लव्वा तापाने फणफणलेली पोर मांडीवर घेऊन बसली होती. पोरीच्या छातीत कफ भरलाय, पेनिसिलिनची सुई आजच द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. यल्लव्वाला आधी देवाचा होकार हवा होता. मी माझं बाळ कडेवर घेऊन तिला तिथून उठवून दवाखान्यात न्यायला गेले होते.

स्वामींनी कागद कपाळाला लावला. "सुई नको म्हणतोय. अंगारा लाव. येत्या गुरुवारी पुन्हा आण."

"तोवर पोरीला दम निघेल का, तेही विचारा की त्याला," मी म्हटलं.

पहिल्या रांगेतले भगवंतराव वळले. निवृत्त हेडक्लार्क, मठाचे मोठे भक्त. "अक्का, स्वल्प गप्प बसा. हे कैलासावरून येतंय."

तेवढ्यात माझ्या बाळाने माळ ओढली. माळेमागे कैलासाची तार दिसली. ती भिंतीतून पलीकडच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जात होती. यंत्रही ओळखीचं निघालं. लग्नाआधी तारघरात मी अशाच टेलिप्रिंटरवर, तारेतून आलेला मजकूर आपोआप छापणाऱ्या यंत्रावर, काम करत असे. त्याच्या बाजूची लहान खुंटी पार टोकाला सरकवलेली होती. मी ती मधोमध आणली. खडखड तीच राहिली.

"भगवंतअण्णा, तुम्हाला इंग्रजी येतं. वाचा की आता."

त्यांनी चष्मा लावला, खणखणीत सुरुवात केली, आणि आवाज उतरत गेला. होसकोट्याला नव्या कारखान्याची पायाभरणी. म्हैसूरकडे हलक्या सरी. शेंगातेल तेजीत.

देवाला तेलाचा भाव कशाला हवा, असं मागून एक म्हातारी पुटपुटली.

बाईच्या स्पर्शाने वाणी बाटली, असा स्वामींनी खुलासा केला. मी खुंटी टोकाला सरकवली. देव परत आला. मधोमध आणली; तेल परत आलं.

मग यल्लव्वाजवळ बसले. "एकेक अक्षर म्हणजे तारेतून ओळीने येणारे विजेचे ठोके. प्रत्येक ठोका ऐन भरात असताना यंत्राने टिपायचा. आपण बाळाला पेज भरवतो तसं. तोंड उघडलं की चमचा आत. वेळ चुकली की पेज गालाला. ती टिपायची वेळ या खुंटीने मागेपुढे होते. पेज तीच गं, चमचा चुकवलाय. आणि हे स्वामी गालावरची पेज वाचून सांगतात, पोरीला सुई देऊ नको."

यल्लव्वाने पोर उचलली. दारात थबकली. "दुखेल का हो अक्का तिला?"

"दुखेल. मी हात धरते तिचा."

सुईने बरी झालेली तीच पोर काल माझ्या बाळाच्या हातातली भाकरी पळवून गेली.

आयांनो, देवाला खुशाल हात जोडा. पण कुणालाच न कळणाऱ्या अक्षरांचा अर्थ एकच माणूस सांगत असेल, तर माळ बाजूला करून बघा. आणि लेकरू धापा टाकत असेल तर तेही नंतर. आधी दवाखाना.