वास्कोचं स्थळ

खुर्चीत बसण्याआधी सुमंगलाने पदराच्या टोकाने ती पुसली. पदरावर काळा पट्टा उमटला आणि पाणी घेऊन आलेल्या मालतीने तो पाहिला.

"सकाळी दोनदा पुसलंय ओ," मालती म्हणाली. तिने ट्रे टेबलावर ठेवला. "बंदराकडून वारा आला की कोळशाची पूड बसते. दारं लावली तरी."

"नाही हो, मी आपली सवयीने..."

शंभूने बायकोकडे एकदा पाहिलं. ती दोघं खाणपट्ट्यातल्या कारापूरहून मुलीसाठी, संजनासाठी, हे स्थळ बघायला आली होती. खरं तर तिचं आणि मालतीच्या गौरेशचं पणजीच्या ऑफिसातच जुळलं होतं. उरली होती ती मोठ्यांची ओळख, आणि ती अशी सुरू झाली.

मग बराच वेळ बोलणं पुढे सरकेना. गौरेशचे वडील बाबाजी कोरगावच्या मूळ घराविषयी, तिथल्या काजूंविषयी सांगत राहिले. मालती अधूनमधून टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायची आणि ते साडीच्या निऱ्यांना पुसायची.

"गच्चीवर चला," शेवटी बाबाजी शंभूला म्हणाले. "तिथून अख्खा वास्को दिसतो."

पुरुष वर गेले. मालती चहाचं बघायला आत गेली. सुमंगला थोडा वेळ एकटीच बसली, मग उठून स्वयंपाकघरात गेली. मालती ओटा पुसत होती. चहा उकळून वर येत होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. सुमंगलाने पुढे होऊन गॅस बारीक केला.

"वहिनी, माझं चुकलं. रागावू नका."

"तुमच्यावर कित्याक रागावू? लाज वाटते, एवढंच." मालतीने फडकं पिळलं. "आणि तुम्हाला मी काय सांगणार? तुमच्याकडे लाल धूळ, आमच्याकडे काळी. खाणीच्या ट्रकांनी तुम्हालाही असंच छळलं असणार."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. सुमंगलाने ओठ उघडलेही.

"आमचेच होते," ती म्हणाली.

"काय?"

"ट्रक. खाणी बंद पडल्या तेव्हा विकले." ती गॅसकडे बघत बोलत होती. "रस्त्याकडेच्या घरातली एक बाई एकदा ओले कपडे घेऊन आमच्या दारात आली होती. पोरांचे शाळेचे शर्ट. लालेलाल झालेले. तिने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, परत धू. पाणी नसेल तर आमच्या विहिरीवर ये."

"आली?"

"नाही."

मालतीने चहा गाळला. कप एकेक करून भरले. मग ट्रे उचलून म्हणाली, "चला वर. चहा निवून जाईल."

गच्चीवर वारा होता. उतारावरून खाली घरांची दाटी, चर्चचा पांढरा माथा, रुळांवर थांबलेल्या मालगाडीचे डबे. त्यांच्यापलीकडे धक्का, ताडपत्रीखालचे काळे ढीग, आणि जिथे झुआरी समुद्राला मिळते तिथे नांगरून पडलेली जहाजं. बाबाजी हात लांब करून दाखवत होते.

"ती कडेची क्रेन दिसते? तिच्यावर होतो मी, निवृत्त होईपर्यंत. कोळसाच जास्त उतरवला. ह्या घराचा एकेक चिरा त्यातून आलाय."

शंभूही रंगात आला. एकेकाळी आपले ट्रक दिवसाला किती फेऱ्या करायचे ते सांगू लागला. दोघांचं छान जमलं.

सुमंगलाने मालतीकडे पाहिलं. मालती कठड्यावर कप मांडत होती. तिने मान वर केली नाही.

शेजारच्या गच्चीवर एक बाई वाळलेल्या चादरी काढत होती. प्रत्येक चादर कठड्याबाहेर धरून काळी पूड जोरात झटकत होती. झटकताना तिची नजर इकडे आली. ओळख नसूनही सुमंगला हसली. बाईने चादरी गोळा केल्या आणि ती जिना उतरून गेली.

"शेजारीण?"

"होय," मालती हळू आवाजात म्हणाली. "आमच्याशी बोलत नाही ती."

सुमंगलाने कारण विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं,

"संजनाशी बोलेल?"

मालती त्या रिकाम्या गच्चीकडे बघत राहिली.

"बघू," ती म्हणाली.