दोन टँकर पाणी

“एवढंच लिहा, की हेलिपॅडवर पाणी मारलं नव्हतं. खाली सही करा.” माहिती कचेरीच्या साहेबांनी कोरा कागद रेवणप्पापुढे सरकवला.

रेवणप्पाला हसावं की कपाळ बडवावं कळेना. हे सगळं झेंगट त्याच्याच कात्रीनं उभं केलं होतं. वर्तमानपत्रांतला सरकारविषयीचा मजकूर रोज कापायचा, कागदावर डकवायचा आणि मुंबईला मंत्रालयात धाडायचा, ही त्याची नोकरी. औशाच्या म्हाताऱ्या गुरुपादप्पांचं साप्ताहिक म्हणजे दोनशे प्रती, त्यातल्या निम्म्या वाण्याकडे पुड्या बांधायला. त्यांनी लिहिलं, ‘दिल्लीचे नेते दुष्काळ पाहायला हेलिकॉप्टरनं आले. धूळ उडू नये म्हणून खाली दोन टँकर पाणी शिंपडलं होतं. वरून ती ओल पाहून नेते म्हणाले, इकडे पाऊस बरा झालेला दिसतो.’

औशात ते कुणी वाचलं नाही. रेवणप्पानं मात्र नेमानं कापलं, मुंबईनं दिल्लीला दाखवलं, आणि आता अख्खं सरकार लालबुंद झालं होतं. बदनामीचा खटला भरायचा, आणि त्या दिवशी हेलिपॅडवर ड्यूटीला असलेला रेवणप्पा साक्षीदार.

“साहेब, पाणी मारलं की. म्या तिथंच उभा होतो.”

“मग पाहिलं नाही असं लिहा.”

“बूट भिजले माझे.”

साहेबांचा आवाज चढला नाही. “जिल्हा वेगळा झाला म्हणून तुम्ही घरी आलात. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. नांदेडला एक जागा रिकामी आहे.”

हे वर्मी लागलं. उस्मानाबादेत खोली करून त्यानं एकोणीस वर्षं काढली होती. लेकींची लग्नंसुद्धा रजेवर येऊन लावली. लातूर जिल्हा झाला तसा तो औशाच्या घरून लातूरच्या कचेरीत एसटीनं जाऊ-येऊ लागला, रात्री घरचं गरम खाऊ लागला.

दुपारी स्टँडवर गुरुपादप्पाच भेटले. रेवणप्पाचा संताप उफाळून आला. “तुमाला लई हौस लिवायची. आता मला खोटं लिवाय लावत्यात, न्हाई तर नांदेडला धाडत्यात.”

“लिवलं मी, पर धाडलं कुणी?” म्हातारा म्हणाला. “न्हाई मारलं म्हणून लिही बाबा. मी जातो आत. मला कोण हाय मागं? तू घर नको मोडू.”

रेवणप्पाला आणखीच चीड आली. म्हाताऱ्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर खोटं लिहिणं सोपं गेलं असतं.

कचेरीत येऊन त्यानं लिहिलं, ‘दोन टँकर पाणी मारले. दोन्ही औशाच्या वाट्याचे होते.’ आणि ठसठशीत सही केली.

खटला बारगळला. आठव्या दिवशी बदलीचा हुकूम आला, सोमवारी नांदेडला हजर व्हायचा.

त्याच्या बायकोनं, गौरम्मानं, तो हातात घेऊन नुसताच उलटसुलट पाहिला. “नांदेडला पाणी हाय का?”

“हाय. गोदावरी हाय.”

डोक्यावर चुंबळ ठेवून तिनं घागर उचलली. “सोमवारपातूर इथलंच प्यायचंय की,” म्हणाली आणि टँकरच्या रांगेकडे निघाली.

इतकी वर्षं ती एकटीच जात आली होती. रेवणप्पानं दुसरी घागर उचलली आणि तिच्या मागोमाग गेला.