संघमित्राने मदत मागितली

मे महिन्यात युनिव्हर्सिटीतून ट्रॉय शहरातल्या घरी आलेल्या संघमित्राने जेवता जेवता ताट बाजूला सारलं. “आई, बाबा, मी नापास झालेय. दिवसभर ऑनलाइन गेम खेळत बसायचे. क्लासला जातच नव्हते.”

तिच्या आईने, भावनाने, हातातला घास खाली ठेवला. प्रफुल्ल भडकला, “आधी तो लॅपटॉप बंद कर!”

“बंद करून बघितला, बाबा. एकटीला जमत नाहीये. आय नीड हेल्प.”

मुलीने मान खाली घातली नाही. स्वतःच्या वडिलांसमोर असं बोलायची भावनाची कधीच छाती झाली नसती.

“प्रफुल्ल, ऐकून घे ना तिचं,” ती म्हणाली.

प्रफुल्लने लॅपटॉपचा विषय सोडला. मग खुर्ची ओढून लेकीशेजारी बसला. “काउन्सेलरकडे जाऊ या. मी ड्राइव्ह करतो.”

उन्हाळाभर संघमित्रा नेमाने गेली. मध्ये एकदा पुन्हा गेमकडे घसरली, तेही तिने आपणहून सांगितलं. सुट्टीनंतर युनिव्हर्सिटीत परतल्यावर तिने अशाच अडकलेल्या मुलांचा गट सुरू केला, आणि पहिल्या बैठकीत स्वतःची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली.

“आई, खोली भरली होती गं,” ती फोनवर म्हणाली.

“थांब, हे बाबांनाही सांग,” भावना म्हणाली. तिने फोन प्रफुल्लच्या हातात दिला.