तोच तुकडा

किसनने उशी कानांवर दाबून धरली, तरी भिंतीपलीकडच्या गाण्याचे ठोके गादीतून अंगात शिरतच राहिले. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने झोपायचं तरी कधी? खिडकीला जाड पडदे. सकाळ की संध्याकाळ, तेही कळत नव्हतं.

त्या फ्रेंच गाण्याची सीडी अक्षताने आखातातल्या मनामा शहराच्या दुकानातून आणली होती. जुन्या डिस्को गाण्याचा तुकडा उचलायचा आणि तोच फिरवत राहायचं, हीच त्यातली गंमत, असं तिने बापाला इंग्रजीत समजावलं होतं. गाणारी बाई ओळ अर्ध्यावर आणून सोडायची, की पुन्हा पहिल्यापासून. किसनचं डोकं उठायचं. कुणीतरी त्या बाईला ओळ पुरी करू द्यावी.

आठवडाभर रोज संध्याकाळी तो मुलीला रागावला. ती मान खाली घालून ऐकून घेई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"आज खलास," म्हणत तो उठला. सीडी काढून फेकायचीच, असं ठरवून त्याने अक्षताच्या खोलीचं दार ढकललं.

आत त्याची बायको, पुष्पलता, नाचत होती. पदर कमरेला खोचलेला, डोळे मिटलेले, मानेवर घाम. खिडकीतून सनद उपनगरातलं दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. अक्षता अजून शाळेत होती. या वेळेला ती शाळेतच असायची.

पुष्पलताने डोळे उघडले आणि ती थांबली.

"रोज तूच लावतेस?"

"हो."

"आणि मी त्या पोरीला बोलत होतो."

"मी सांगणार होते हो तुम्हाला. तीच म्हणाली, राहू दे मम्मी. पप्पा तुला बोलले, तर तू लावायचंच सोडशील."

किसनने दाराची मूठ सोडली.

"मूळ गाणं नर्सिंगच्या हॉस्टेलवर होतं आमच्याकडे," ती म्हणाली. "ड्युटी संपली की सगळ्या जणी नाचायचो. नोकरी सोडून इथं आले, तेव्हापासून..." तिने पदर सोडला आणि नीट केला.

किसन पलंगाच्या कडेला बसला. त्याचे डोळे चुरचुरत होते.

"पुढे जातच नाही हे," तो कुरकुरला.

"जातं. जरा ऐकत बसावं लागतं."

तो बसून राहिला. गाणं त्याला आवडलं नाही, पण तो उठलाही नाही.

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. अक्षता बूट न काढताच धावत आली, दप्तर अजून खांद्यावर. तिने आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"पप्पा, इट वॉज मी," ती धापा टाकत म्हणाली. "मीच लावलं होतं."